पहिल्या कापणीचं नवं

उद्यमबाग, बेळगाव
३ नोव्हेंबर २०२४

आक्का,

पाया पडतो. पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू ओरडतेस, मला काही ऐकू येत नाही, आणि आमच्या गल्लीला मात्र तुझ्या म्हशीच्या कासेपासून सगळं कळतं. तीस वर्षं फौंड्रीत काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालं. त्यापेक्षा परशरामची दूधगाडी बरी. सकाळी तुमच्या गावचं दूध घेऊन तो आमच्या दारावरून जातो, दुपारी रिकामे कॅन घेऊन परततो. जाताना तुझी चिठ्ठी, येताना माझी.

त्याच्याकडे तीन किलो बियाणं दिलं आहे. बरसीम म्हणतात. आमच्या फौंड्रीत साचे करणारा एक मोल्डर उत्तरेकडचा आहे, त्याच्या भावानं पाठवलं. पानं मेथीसारखी, लसूणघासाची बहीण म्हण. दरवर्षी भात कापलं की तुझी जनावरं नुसत्या पिंजरावर, वाळक्या काडावर येतात आणि पौषात दूध आटतं म्हणून तू रडतेस. हे एकदा लागलं की चैत्रापर्यंत चार कापण्या निघतील.

बी आधी मिठाच्या पाण्यात टाक. वर तरंगेल ती कासनी, ते तण आहे, काढून फेक. खाली बसलेलं बी साध्या पाण्यात धू. सोबतच्या पुडीत जिवाणूंचं खत आहे, ती काळी भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून त्याला चोळ आणि सावलीत वाळव. मग भाताच्या दहा गुंठ्यांत चिखल करून, वर बोटभर पाणी असताना मुठीनं फोकून दे. हे सगळं असंच करायचं. तुझं डोकं मध्ये घालू नकोस.

तुझा
मारुती

•

गावाहून
१ डिसेंबर २०२४

चि. मारुती,

आशीर्वाद. माझं डोकं मध्ये घातलं नाही. मीठ, गूळ, चिखल, सगळं तुझ्या लिहिल्याप्रमाणे केलं. नऊ तारखेला पेरलं, आता वीतभर होत आलं आहे. असला हिरवा रंग या दिवसांत आमच्या शिवारात कुणी बघितलेला नाही. येणारा-जाणारा बांधावर थांबतो. तांबू तर दावणीतून मान वळवून तिकडेच बघत असते. म्हातारी झाली तरी तिची जीभ लहान कालवडीची आहे.

पाण्याचं जरा कठीण होतं. दर आठ-दहा दिवसांनी भिजवायला लागतं आणि आपली विहीर मार्गशीर्षातच खाली जाते. खालच्या बांधाचा धर्मराज कांबळे आहे ना, लोंढ्याला रेल्वेत होता तो, त्यानं आपल्या बोअरचं पाणी सोडलं. मी मागितलं नव्हतं. त्याची मुलगी पारमिता निपाणीला जनावरांची डॉक्टर झाली आहे, त्यामुळे त्यालाही आता वैरणीतलं सगळं कळतं असं त्याला वाटतं.

एक गोष्ट मला खटकली. परवा बांधावर येऊन म्हणाला, "वैनी, पैली कापणी कवा करणार? मला सांगितल्याबगर कापू नगासा." मी म्हटलं, बघू. माझं शेत, माझा विळा, याला कशाला सांगायचं? पाणी दिलं म्हणून वैरणीत वाटा मागणार की काय, कोण जाणे.

पहिली कापणी कधी करायची ते कळव.

अंबुबाई

•

उद्यमबाग
८ डिसेंबर २०२४

आक्का,

पंचावन्न दिवस झाले की काप. म्हणजे जानेवारी लागल्यावर. जमिनीपासून चार बोटं ठेवून काप, बुडाला विळा लावलास तर पुन्हा फुटणार नाही.

आता हे नीट वाच. ही वैरण फार कोवळी आणि रसाळ असते. नुसती घालायची नाही. कापून तीन-चार तास पसरून सुकू दे, निम्मं भाताचं पिंजर मिसळ, आणि मगच गव्हाणीत टाक. नाहीतर जनावराचं पोट फुगतं. मोल्डर म्हणाला, त्याच्या गावात दरवर्षी एखादं जनावर असं जातं.

धर्मराजाचं म्हणशील तर, पाणी फुकट कोण देतं? कापणीची तारीख त्याला कशाला हवी? मी तिथं नाही, तू एकटी आहेस. त्याच्यावर जरा नजर ठेव.

मारुती

•

गावाहून
६ जानेवारी २०२५

मारुती,

तांबू गेली.

काल रविवारी पहिली कापणी केली. सकाळी नऊच्या सुमाराला ती खाली बसली, पुन्हा उठली, पोटाकडे बघून लाथा झाडायला लागली. बघता बघता डावी कूस टम्म झाली, मृदंगासारखी. तोंडातून फेस. श्वास घेता येईना, जीभ बाहेर. मी तिची मान मांडीवर घेऊन बसले होते. खानापूरच्या डॉक्टरला फोन लागला, तो म्हणाला तासाभरात येतो. ती तासभर थांबली नाही. अकरा वर्षं माझ्या हातावर वाढलेली गाय, मारुती, माझ्या डोळ्यांत बघत गेली.

आता खरं ते सांगते. ती जायच्या आधी धर्मराज पळत आला. हातात बाटली. म्हणाला, "वैनी, बाजूला व्हा, बाटली पाजू द्या, येळ न्हाय." मी म्हटलं, "हात लावू नगा तिला!" त्याला ढकललं. माणसं जमली होती. कुणीतरी विचारलं, "बाटलीत काय हाय रं?" तो नुसता म्हणाला, "औशद." आमच्या घरात गाय आजारी पडली हे याला कुणी सांगितलं? तयार बाटली याच्या हातात कशी आली? आणि कापणीची तारीख हा महिनाभर आधी का विचारत होता? हे मी नाही विचारलं, अख्ख्या गावानं विचारलं. पहाटे तो त्या बांधावर होता हेही दोघांनी पाहिलं आहे. बाटली लोकांनी हिसकावून घेतली, ती आता माझ्या घरात आहे.

तू म्हणशील वैरणीनं झालं. तर ऐक. त्याच कापणीतली वैरण दुपारी म्हशीनं खाल्ली, कालवडीनं खाल्ली. सुकवून, पिंजर मिसळून, तुझ्या लिहिल्याप्रमाणे. दोघी आरामात रवंथ करत बसल्या आहेत. एकाच शेताची वैरण, एक मरते आणि दोघी जगतात, हे कसं?

आज सकाळी डेअरीवर धर्मराजाचं दूध कुणी घेतलं नाही. माझा नागेंद्र रात्रीच बेळगावहून आला आहे. तो म्हणतो, आई, हे सोडायचं नाही.

अंबुबाई

•

उद्यमबाग
७ जानेवारी २०२५

आक्का,

पत्र वाचलं. लगेच निघालो असतो, पण मागच्या आठवड्यात ओतीव लोखंडाचं कास्टिंग पायावर पडलं. गुडघ्याखाली सगळं प्लास्टरमध्ये आहे, महिनाभर हलता येत नाही. तुला काळजी नको म्हणून कळवलं नव्हतं.

तू सगळं सांगितल्याप्रमाणे केलंस म्हणतेस, म्हशी-कालवडीला काही झालं नाही म्हणतेस, मग दुसरं काय म्हणायचं? नागेंद्र बरोबर बोलतो. मी तुला आधीच लिहिलं होतं, नजर ठेव. सोडू नकोस त्याला. आज गाय, उद्या म्हैस. पुढं काय ठरलं ते लिही.

मारुती

•

गावाहून
९ जानेवारी २०२५

मारुती,

पाय कसा आहे? आधी सांगायला काय झालं होतं? या घरात सगळेच माझ्यापासून लपवतात.

नागेंद्रनं पोलिसांत द्यायची अर्जी लिहिली. कानडीत. मला कानडी बोलता येतं, पण वाचता कुठं येतं? त्यानं मराठीत सांगितलं, गाय विष घालून मारली असं लिहिलंय म्हणून. सोमवारी तेरा तारखेला, भोगीच्या दिवशी, त्याला सुट्टी आहे. त्या दिवशी खानापूरला जाऊन मी सही करायची. ठाण्यातल्या माणसाला त्यानं आधी विचारून ठेवलं आहे. सही झाली की त्याच दिवशी धर्मराजाला उचलतील म्हणाला. अर्जीची झेरॉक्स बरोबर पाठवते, तुझ्याकडे राहू दे.

काल कुणीतरी धर्मराजाच्या बोअरचा पाइप कापला. कोण ते मी विचारलं नाही, पण ज्यांनी कापला ते माझ्याकडे बघून हसले.  दूध घेऊन डेअरीवर येणंच धर्मराजानं बंद केलं. संध्याकाळी त्याच्या बायकोला, लक्ष्मीबाईला, मी परसात दूध ओतून देताना पाहिलं. बघवलं नाही, म्हणून मी आत गेले.

रात्री झोप लागत नाही. गव्हाणीकडं गेले की तांबूची जागा दिसते. किती हावरटासारखी खात होती ती त्या दिवशी.

अंबुबाई

•

उद्यमबाग
११ जानेवारी २०२५

आक्का,

आज सकाळी धर्मराजाची मुलगी माझ्याकडे आली होती. पारमिता. निपाणीहून पहिल्या बसनं. बियाणं मी पाठवलं हे तिला बापाकडून कळलं होतं. ती दारात असतानाच मी म्हटलं, मला ऐकू येत नाही. मला वाटलं जाईल. ती गेली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान मागून घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला एकेक प्रश्न लिहायला लागली. ते पान सोबत पाठवलं आहे. अक्षर बघ, आरोप एकही नाही.

तिनं विचारलं, कुठली कूस फुगली? मी तुझं पत्र पुढं केलं. डावी. फेस होता का? होता. खाल्ल्यापासून किती वेळानं? ते तू लिहिलेलं नाहीस. आणि शेवटचा प्रश्न असा की, आदल्या रात्री गाईनं काही खाल्लं होतं का?

ते वाचलं, आक्का. आपल्या घरातलं मला एकदम आठवलं. आई काय करायची? नवा मका असो, नवी ज्वारी असो, शाळू असो, पहिला भारा सगळ्यात थोरल्या जनावराला. "नवं" म्हणायची. आदल्या रात्रीपासून ते जनावर उपाशी, आईही उपाशी. उजाडता उजाडता हळद-कुंकू लावून दवातला भारा तसाच्या तसा त्याच्या तोंडाशी. ते खाऊन झालं की मगच बाकीच्यांना.

खरं सांग. रविवारी पहाटे तू तांबूचं नवं केलंस का?

आणखी एक. अर्जी मी वाचली. फौंड्रीतल्या नोटिसा वाचून मला कानडी येतं हे नागेंद्र विसरला. त्यात लिहिलंय, धर्मराजानं बाटली गाईच्या तोंडात ओतताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तू तर मला लिहिलंस की तू त्याला हातच लावू दिला नाहीस. या दोन्हींतलं एकच खरं असणार. तुझं उत्तर येईपर्यंत सही करू नकोस.

मारुती

•

गावाहून
१२ जानेवारी २०२५, पहाटे

मारुती,

व्हय, केलं. केलं नवं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? आईनं केलं, आजीनं केलं. इथं सासरीसुद्धा मी पस्तीस वर्षं करते आहे, आजवर एक शेपूट वाकडं झालं नाही. शनिवारी रात्री तांबूला काही घातलं नाही, मीही जेवले नाही. पहाटे दव होतं, दोन पेंढ्या कापल्या, हळद-कुंकू वाहिलं आणि तिच्या पुढं धरल्या. दोन्ही संपवल्या तिनं. ती खाणं नव्हतं, तो नैवेद्य होता. नैवेद्याला कोण पिंजर मिसळतं?

तू वैरण कशी घालायची ते लिहिलं होतंस. वैरण मी तशीच घातली, दुपारी, म्हशीला. नवं कसं करायचं ते मला कुणी शिकवायला नको.

आणि त्या पोरीनं चार ओळी लिहिल्या की लगेच तू तिकडचा झालास? ती बापाला वाचवायला येणारच. तिचं काम ती करते. तू माझा भाऊ ना?

अर्जीतली ती ओळ नागेंद्रनं घातली, मला माहीत नव्हती. विचारलं तर म्हणाला, "आई, असं लिवल्याबगर पोलीस घेत न्हाईत." मी काय बोलणार? गाव माझ्या बाजूनं उभं आहे. दहा घरची माणसं उद्या ट्रॅक्टरमधून माझ्याबरोबर खानापूरला येणार आहेत. आता मी मागे सरले तर तोंड कुणाला दाखवू?

अंबुबाई

•

उद्यमबाग
१२ जानेवारी २०२५, दुपार

आक्का,

परशराम दारात गाडी चालू ठेवून उभा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

तू म्हणालीस एकाच शेताची वैरण, एक मरते आणि दोघी जगतात, हे कसं? असं. दोघींना सुकवून, पिंजर मिसळून, पोटात आधीचं काहीतरी असताना मिळाली. तिसरीला रात्रभर उपाशी ठेवून दवानं ओली, निव्वळ, दोन पेंढ्या. मक्याचं नवं पचतं. बरसीमचं पचत नाही. आईला बरसीम माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मला आईचं नवं आठवलं नाही. यात माझाही हात आहे, तो मी नाकारत नाही.

धर्मराजाला कसं कळलं म्हणतेस? काल पाठवलेल्या पानावर शेवटी पारमितानं लिहिलंय, वाच. पहाटे तू दवातल्या पेंढ्या कापून घरात शिरताना त्यानं लांबून, बांधावरून पाहिलं, घाबरला, पोरीला फोन केला. तिनं सांगितलं, बाबा, गाय फुगली तर गोडेतेल आणि हिंग पाजा, वेळ घालवू नका. त्यानं घरात बाटली भरून ठेवली आणि तुझ्या गोठ्याकडं कान लावून बसला. तू त्याला आधी विचारून कापलं असतंस तर त्यानं तिथंच अडवलं असतं. म्हणूनच तो महिनाभर आधी तारीख विचारत होता. आणि मी तुला काय लिहिलं? नजर ठेव. ते पत्र आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

आज्ज्याच्या वेळी आपल्या गावात जनावर दगावलं की माणसं विष घातलं म्हणत आधी धर्मराजाच्या जातीच्या वस्तीवर जायची. गव्हाण कुणी बघायचं नाही. तेव्हा तू सात-आठ वर्षांची असशील, तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल.

बाटली तुझ्या घरात आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, पारमितावर ठेवू नकोस. बूच काढून वास घे. मग उद्या काय करायचं ते कर.

मारुती

•

गावाहून
१५ जानेवारी २०२५

मारुती,

तुझी चिठ्ठी रविवारी दुपारी मिळाली. वाचली आणि चुलीत घालायला उठले होते. घातली नाही.

संध्याकाळी नागेंद्र ओसरीवर दुसऱ्या दिवशीच्या ट्रॅक्टरचं ठरवत होता. चार-पाच माणसं होती. मी कपाटातली बाटली काढली. लोकांनी पुरावा म्हणून कापडात बांधून ठेवली होती. बूच काढलं. हिंगाचा वास आला. मी बाटली तोंडाला लावली आणि दोन घोट प्यायले.

नागेंद्र ओरडला, "आई, येडी झालीस काय?" माणसं उठून उभी राहिली. एकजण मला ओकायला लावायला धावला. मी म्हटलं, "थांबा रं. गोडंतेल हाय. बसा, बघू मी मरते का." ती सगळी तासभर माझ्याकडे बघत बसली. नागेंद्र दर थोड्या वेळानं विचारायचा, पोटात दुखतंय का. मला तेवढ्यात एक भलतंच सुचलं. धर्मराजाच्या आणि आमच्या बांधाला बांध लागून पस्तीस वर्षं झाली, पण त्याच्या घरातलं काही माझ्या तोंडात गेलं ते आज पहिल्यांदा.

मग मी सगळ्यांना नव्याचं सांगितलं.  एकजण म्हणाला, "काकी, आता गप बसा, उगंच आपलंच हसं व्हतंय." त्या बोलण्यानं मला जेवढा राग आला तेवढा नागेंद्रच्या अर्जीनंही आला नव्हता.

भोगीला सकाळी ट्रॅक्टर आला तसा गेला. मी डेअरीवर गेले. सहा वाजता सगळा गाव तिथं कॅन घेऊन उभा असतो. मी मोठ्यानं सांगितलं की तांबूला मी उपाशी ठेवलं, दवातली बरसीम नुसती घातली, ती माझ्या हातानं मेली. धर्मराज तिला वाचवायला आला होता आणि मी त्याला ढकललं. त्याचं दूध आजपासून घ्या. आवाज नीट निघाला. बायका माझ्याकडं बघायचं टाळत होत्या. नागेंद्र तसाच बेळगावला परत गेला. अर्जी माझ्याकडे आहे, मी ती फाडली.

मग धर्मराजाच्या घरी गेले. मला वाटलं होतं, डेअरीवर बोलले ते त्याच्यापर्यंत पोचलं असेल, आता सोपं जाईल. पोचलं होतं. तो अंगणात उभा होता. पारमिता रात्रीच आली होती, ती दारात. मी हात जोडले आणि म्हटलं, चुकलं माझं, आईची रीत होती, त्या रितीनं गाय गेली, तुमच्यावर आळ आला.

 तो शांतपणे म्हणाला, "वैनी, गाय रितीनं मेली, ते बराबर हाय. रीत चुकली म्हणून तुम्ही चार माणसांत सांगितलासा, लई मोठं केलासा. पर माज्या हातात बाटली बघून तुमच्या तोंडात 'औशद' न्हाय आलं, 'इख' आलं. ते कुठल्या रितीनं आलं?"

खरं तर 'इख', विष, हा शब्द मी तोंडानं उच्चारला नव्हता, मारुती. इतर म्हणाले. हे मी त्याला सांगणार होते. ओठांपर्यंत आलं होतं. पण त्याला ढकलताना माझ्या मनात तोच शब्द होता, आणि ते त्याला माझ्या हातातून कळलं होतं. खोटं बोलवेना.

तो रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, मी रडले असते आणि मोकळी झाले असते. तो खरोखरच विचारत होता. उत्तर येईल म्हणून थांबला होता. पारमितानंही मला बसा म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. मग मी घरी आले.

दोन दिवस झाले. शेतात गेले तर बरसीम पुन्हा फुटून चार बोटं वर आली आहे. धार काढताना, वैरण पसरताना, जेवताना मी तेवढंच शोधते आहे. पाय सुटला की ये. आपल्याला दोघांना मिळून त्याच्याकडे जायचं आहे. पण त्याच्या प्रश्नाला उत्तर असल्याशिवाय मी त्या अंगणात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. तोवर तूही शोध.

अंबुबाई